विंगेतून गेलेलं वाक्य

उषाताई,

काल शिरीष ठाकुर्लीला आमच्याकडे येऊन गेला. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले, तोवर आपल्या नाटकाच्या संस्थेतलं कुणी फिरकलं नव्हतं. म्हणून दार उघडतानाच मनात आलं, आता काय काम काढलंय. त्याने चहा घेतला, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग बोलला. रविवारी दुपारी साडेचारला तुमच्या स्मरणार्थ 'पलीकडचं घर'चा प्रयोग लावलाय, डोंबिवलीतच. आधी पाच-सहा जण तुमच्याबद्दल बोलणार. त्यात मीही बोलावं म्हणतो.

"मावशी, दोनच शब्द. ताईंनी तुमच्यासारख्या बाईला कसं घडवलं, तेवढं सांगा."

"मला बोलता येत नाही, तुला माहितीये."

"म्हणूनच तर! लोकांना खरं वाटतं."

लोकांना खरं वाटावं म्हणून मला तिथे उभं करायचंय. हे तो तुमच्याकडूनच शिकलाय, ताई. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. दाखवली असती तर तुम्हालाच, आणि तुम्ही आधी वेलांट्या सुधारल्या असत्या.

त्याला म्हटलं, कळवते. रात्रभर विचार केला, काय बोलायचं. तुम्ही मला घडवलंत असं बोलू, की तुम्ही माझं चोरलंत असं? दोन्ही खरं असेल तर दोन शब्दांत कसं बसवायचं?

मी तुमच्याकडे आले ती शिवणकामाला. राजाचा अंगरखा काखेत उसवला होता आणि प्रयोग दुसऱ्या दिवशी. मी तो रातोरात शिवून दिला आणि मग सगळा कपडेपटच माझ्याकडे आला. कुणी काय कधी घालायचं ते लक्षात ठेवायचं, हुक, नाड्या, इस्त्री. मला ते काम आवडायचं. कपडेपटातल्या बाईकडे कुणी बघत नाही. नट आपल्या तंद्रीत हात वर करतो, आपण बाही चढवायची, झालं. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला याहून बरी जागा नव्हती.

एकदा कपड्यांची यादी लिहिताना तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"अगं, अक्षर किती मोकळं आहे तुझं! कितवी शिकलीस?"

"चौथी."

"पुढे का नाही?"

"पाचवीची शाळा नदीच्या पलीकडे होती."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नकला लिहायला बसवलंत. प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याची वाक्यं वेगळ्या वहीत लिहून द्यायची, ती नक्कल. स्टेशनाबाहेर झेरॉक्सची सहा दुकानं होती, पण तुमचं म्हणणं, हाताने लिहिलेलं लवकर पाठ होतं. मी कितीतरी वर्षं नकला लिहिल्या. वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, हे मला त्यातनं कळलं. आज हे चार धड शब्द उमटताहेत ते त्यामुळेच. ते मी नाकारत नाही. पण ताई, कुणी माझ्याशी फार चांगलं वागलं की मी आधी का ते शोधते. तुमचंही शोधत राहिले.

कॉलेजची मुलं नाटक शिकायला यायची तेव्हा तुम्ही त्यांना सांगायचात, ते मला पाठ आहे. "इंग्रज गेले तेव्हा आपल्या रंगमंचावर देव होते, राजे होते. मग आपण म्हटलं, देश आपला झाला, आता रंगमंचही आपला. मग तिथे कारकून आला. गिरणीतला माणूस आला. ज्याला गावात घेत नव्हते तो आला आणि स्वतःचं नाव घेऊन बोलला. मग बाई आली, स्वतःच्या तोंडाने बोलणारी. नाटक म्हणजे देशाने स्वतःशी काढलेलं भांडण आहे." मुलं लिहून घ्यायची. मी बाजूला इस्त्री करत ऐकायचे.

एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, "ताई, बाई सगळ्यात शेवटी आली, आणि तिलाही तुम्ही रडायलाच लावलंत."

तुम्ही इतक्या हसलात की बशीत चहा सांडला. "प्रमिला, तू समीक्षक व्हायला हवी होतीस."

"तो काय करतो?"

"स्वतः काही करत नाही, सगळ्यांच्या चुका काढतो."

"मग आमच्या सासूबाई होत्या की!"

तुम्ही हसलात, मीही हसले. पण तुमच्या त्या बोलण्यावर माझा विश्वास का बसत नव्हता ते मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

लग्न झाल्यावर आम्ही ठाण्याला वर्तकनगरला राहायचो. कॉलनीत सगळे कंपनीतले कामगार. गणपतीत तेच नाटक बसवायचे. पुरुषच बायकांची कामं करायचे, मिशा काढायला नको म्हणून पदर दातात धरायचे. आमच्या भिंतीला भिंत लागून भाऊंचं बिऱ्हाड. भाऊ कंपनीत सुपरवायझर. ह्यांना नोकरी लागली ती भाऊंच्या शब्दावर, हे ते विसरू द्यायचे नाहीत. भाऊंची सून मंगल. माझ्याच वयाची, माझ्याच तालुक्यातली.

त्या वर्षी नाटक हुंड्यावर होतं. भाऊंना समाजसुधारकाचं काम. कोट, उपरणं, हातात काठी. शेवटी ते अगदी पुढे आले आणि म्हणाले, "सुनेला छळणाऱ्याने या देशात स्वातंत्र्य आलं असं म्हणू नये!" टाळ्या थांबेनात. मंगल माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती, सातवा महिना. मी तिला कोपर मारून म्हटलं, "बघ, काय बोलतायत तुझे सासरे!"

तिने पदर दंडावर ओढून घेतला. दंड काळानिळा होता.

"चांगलं पाठ केलंय," एवढंच म्हणाली.

त्यानंतर कुठलंही नाटक बघताना मला भाऊ दिसतात. टाळ्या वाजल्या की मी टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात बघते. यातला कोण घरी जाऊन काय करणार आहे?

मंगलला मुलगी झाली, सोनाली. ती वर्षाची झाली त्या सुमाराची दुपार. मी घरी एकटी मशीनवर बसले होते. भिंतीपलीकडे आवाज वाढले. भाऊंचा, त्यांच्या बायकोचा, मंगलच्या नवऱ्याचा. मग भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला आणि माझं नाव. दोनदा. मग थोड्या वेळाने रॉकेलचा वास, आणि मग कॉलनी धावली.

संध्याकाळी हवालदार दारात आला. त्याच्या मागे भाऊ उभे होते, हात जोडून, डोळे लाल. हवालदाराने विचारलं, "शेजारी राहता ना? काय ऐकलंत?"

मी म्हटलं, "मशीन चालू होतं साहेब. काही ऐकू आलं नाही."

तो म्हणाला, "बरं." वहीत लिहिलं आणि वही मिटली. स्टोव्हचा भडका. संपलं.

ही हकीकत मी तुम्हाला तुमच्या घरी नऊवारीला काठ लावताना सांगितली. आमच्या ह्यांनंतर फक्त तुम्हालाच. तुम्ही सुईत दोरा ओवून दिलात. पण ताई, तुम्हालाही मी तेच सांगितलं जे हवालदाराला सांगितलं होतं. मशीन चालू होतं. ऐकू आलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी तुम्ही नवीन नाटक माझ्यापुढे ठेवलंत, नकला काढायला. 'पलीकडचं घर'. मी लिहीत गेले. तिसाव्या पानाच्या आसपास प्रभा नावाची बाई मशीनवर शिवत बसलेली. पलीकडे भांडण. आणि कंसात लिहिलेलं, प्रभा मशीन थांबवते. भिंतीजवळ जाते. कान लावते.

माझा हात थांबला.

कारण मी मशीन थांबवलं होतं, उषाताई. आज पहिल्यांदा लिहितेय. चाकावर हात ठेवून थांबवलं, नीट ऐकू यावं म्हणून. उठले, भिंतीजवळ गेले, कान लावला. तिने मारलेला हात माझ्या कानाशी आपटला. सगळं ऐकलं, कोण काय बोललं ते शब्दाशब्दाने. दार आठ पावलांवर होतं. मी दाराकडे गेले नाही. परत येऊन बसले आणि मशीन चालू केलं, जोरात.

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?

मी ती नक्कल पूर्ण लिहिली. एक काना चुकला नाही. तुमच्या नाटकात प्रभा हवालदाराला म्हणते, "ऐकलं साहेब. मशीन थांबवून ऐकलं. सगळं सांगते, लिहा." मग बारा मिनिटं खटला, सासऱ्याला बेड्या, पडदा. मी वही घेऊन स्वयंपाकघरात आले. तुम्ही कांदा चिरत होतात.

"ताई, ही प्रभा कोण?"

"प्रभा? कुणीही. तू, मी, समोरच्या इमारतीतली कुणी."

"समोरच्या इमारतीतली मशीन चालवत नव्हती."

"नाटक कुणा एकाचं नसतं गं."

"मग वर नाव तुमचं एकटीचं का?"

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "तुझं घालू?"

तुम्हाला माहीत होतं मी घाबरणार. भाऊ तेव्हा जिवंत होते. मी म्हटलं, "नको." तुम्ही परत कांदा चिरायला घेतलात. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं की कशाचं, कळायला मार्ग नव्हता. जे विचारायचं होतं ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं, तर कबूल केल्यासारखंच झालं असतं.

तालमीत अनघा प्रभा करायची. तेव्हा नुकती बँकेत लागलेली, बिचारी ऑफिसातून सुटून धापा टाकत यायची. तिने एकदा विचारलं, "ताई, प्रभाला मदत करायची असेल तर ती सरळ धावेल ना? मशीन थांबवून ऐकत का बसते?"

तुम्ही म्हणालात, "माणूस आधी ऐकायला थांबतो. मीही थांबलेय." आणि लगेच दिव्यांच्या माणसावर ओरडलात, काही कारण नसताना. मी हुक लावता लावता ऐकलं. त्या दिवसापासून माझा संशय फिरला. आधी वाटायचं तुम्ही माझं चोरलंत. मग वाटायला लागलं, कोण जाणे, हे माझं नसेलच. तुम्ही कुणाच्या भिंतीला कान लावला होतात, ताई? कधी बोलला नाहीत. मीही खोटं सांगितलं, तुम्हीही लपवलंत, आणि दोघी मिळून नाटक करत राहिलो.

नाटक चाललं. डोंबिवली, कल्याण, ठाणे. पुढच्या रांगेतल्या गजरेवाल्या बायका डोळे पुसायच्या आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत, "इथला वडा पूर्वीसारखा राहिला नाही हं." मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "रडून भूक लागते, त्यात काय वाईट?" तुमच्याकडे सगळ्याचं उत्तर असायचं.

फक्त शीळफाट्याला नव्हतं. तिथे आपण त्याच नाटकाचा छोटा तुकडा रस्त्यावर केला होता. ट्रकांची धूळ, हॉर्न, शिरीष हवालदाराच्या टोपीत घसा फोडून ओरडत होता. संपल्यावर भाजीवाल्या एका बाईने तुम्हाला विचारलं, "झालं? आता पुढं काय?"

तुम्ही म्हणालात, "पुढचं तुम्ही करायचं, मावशी."

"म्हंजे परत आमच्यावरच आलं," ती म्हणाली आणि मेथीवर पाणी शिंपडायला लागली.

येताना गाडीत तुम्ही खिडकीतून मागेच बघत होतात. मला बरं वाटलं होतं. आता लाज वाटते त्याची, कारण त्या बाईने विचारलं होतं ते मलाच होतं.

आणि मग तो स्पर्धेचा प्रयोग. त्याबद्दल आपण पुढे कधीच बोललो नाही, आणि आता तर फक्त मीच बोलू शकते.

वाक्य सांगणाऱ्या माणसाचा घसा बसला होता. नट अडला तर विंगेत उभं राहून हळूच वाक्य पुरवायचं, एवढंच ते काम. तुम्ही म्हणालात, प्रमिलाला सगळं पाठ आहे, तिला उभी करा. मी वही घेऊन उभी राहिले. अनघाला दोन दिवस ताप होता. हवालदाराचा प्रवेश आला. शिरीष म्हणाला, "शेजारी राहता ना? काय ऐकलंत?"

अनघा अडली. तिचे डोळे नुसते फिरायला लागले. मी विंगेत तिच्यापासून चार हातांवर. वही उघडी होती, माझ्याच अक्षरात वाक्य होतं, माझं बोट त्याच्यावर होतं. आणि माझ्या तोंडातून गेलं, "मशीन चालू होतं साहेब. काही ऐकू आलं नाही."

अनघाने ते उचललं आणि मोठ्याने म्हटलं.

शिरीष तिच्याकडे बघत राहिला. तिने काही ऐकलंच नाही तर तो लिहिणार काय, खटला कशाचा? मला अजून कळत नाही त्याला ते कसं सुचलं. तो म्हणाला, "बरं." वही मिटली आणि निघून गेला. अगदी त्या हवालदारासारखा. अनघा मशीनशी एकटी उभी. पुढे काहीच नव्हतं. पडदा पाडावा लागला.

एक टाळी नाही, ताई. कुणी उठलंही नाही. दिवे लागले तरी लोक बसून होते. माझ्या समोरच्या विंगेत रंगभूषेवाला उभा होता, रोज विड्या ओढत बाहेर असायचा, तोही तोंड उघडं टाकून उभा. मला पहिल्यांदा वाटलं, आता हे नाटक खरं बोललं.

बक्षीस गेलं. परीक्षकांनी म्हणे सांगितलं, शेवट अपुरा वाटला.

मेकअपच्या खोलीत तुम्ही दार लावून घेतलंत.

"मुद्दाम केलंस ना?"

"नाही ताई."

"प्रमिला, माझ्याकडे बघून सांग."

मी साड्यांच्या घड्या करत राहिले. तुम्ही मग म्हणालात, "मी तिला नाटकात तोंड उघडायला लावलं, ते कुणाला बरं वाटावं म्हणून नव्हे. निदान एकदा तरी कुणीतरी ते उघडलेलं लोकांनी बघावं म्हणून."

मी म्हटलं, "ते बघून लोकांना वाटतं आपणच उघडलं."

एवढंच आपलं भांडण. पुढच्या प्रयोगाला परत बेड्या, परत टाळ्या. मला परत वाक्य सांगायला उभं केलं नाहीत, आणि कामावरून काढलंही नाहीत. हा तुमचा मोठेपणा होता, की मी बाहेर जाऊन बोलेन ही भीती? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला आहे. आणि मी ते मुद्दाम केलं का? तुम्ही आज परत विचारलंत तरी मी साड्यांच्या घड्याच करत बसेन. बोट बरोबर वाक्यावर होतं, एवढं आठवतं.

आता सोनालीचं. मंगलची मुलगी. तिला आजी-आजोबांनीच, म्हणजे भाऊंच्याच घरात, वाढवलं. आई स्टोव्हने गेली, एवढंच तिला सांगितलेलं. लग्न होऊन ती कल्याणला आली आणि कुणाकडून तरी पत्ता काढून माझ्याकडे ब्लाऊज शिवायला यायला लागली. मला मावशी म्हणते. तिचं माप घेताना मी टेप दोनदा लावते, कारण पाठ मंगलचीच आहे, डावा खांदा जरा उतरता. मी तिला कधी नाटकाचा पास दिला नाही. तुम्ही दोनदा तिच्यासाठी दिलात, मी पर्समध्ये ठेवला आणि नंतर फाडून टाकला.

एकदा ती आरशासमोर ब्लाऊज घालून बघत होती. "मावशी, तुम्ही माझ्या आईला बघितलंय ना? कशी होती हो?"

मी म्हटलं, "गोरी होती."

ती थांबली, अजून काही सांगेन म्हणून. मी हातातल्या कापडाची शिवण उसवायला घेतली, नीट असलेली.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खूप चिडलात. तेवढ्या चिडलेल्या मी तुम्हाला स्पर्धेच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"अगं, इतक्या लोकांना सांगून झालं, आणि जिचं आहे तिला सांगितलं नाहीस?"

"लोकांना तुम्ही सांगितलंत. मी नाही."

"मग तू तिला सांग!"

"तुम्हाला सोपं आहे. तुम्ही नाव बदलता, दिवे लावता, पडदा पाडता. मी तिच्यासमोर बसून काय सांगू? की मी ऐकत होते?" बोलून गेले आणि जीभ चावली. तोवर कधीच कबूल केलं नव्हतं.

तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही. हेच मला सहन झालं नाही, ताई. तुम्ही फक्त हळू आवाजात म्हणालात, "तिने विचारलं होतं, प्रमिला. परत विचारेलच असं नाही."

मी तीन महिने तुमच्याकडे आले नाही. मग तुमच्या आजाराचं कळलं.

शेवटचं भेटले तेव्हा तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं. खिडकीपाशी पलंग, उशाशी औषधं, समोर भिंतीवर अनघाचा प्रभाच्या वेषातला फोटो. तुम्ही माझा हात धरलात आणि काहीतरी म्हणायला लागलात. ओठ हलत होते. मला संशय आला, आता परत सोनालीचं काढणार. मी म्हटलं, "ताई, नातीला शाळेतून आणायचंय," आणि हात सोडवून घेतला. शाळेला तेव्हा सुट्टी होती. तुम्हाला काय म्हणायचं होतं? कदाचित साधं पाणी हवं असेल. कदाचित तुमच्या त्या भिंतीबद्दल सांगायचं असेल. परत एकदा मी आवाज ऐकला आणि परत निघून आले. तुमच्या बाबतीत माझा हा एक गुन्हा आहे. माफी मागते, पण तुम्ही ती दिलीत की नाही हे कधी कळणार नाही.

तर रविवारी स्टेजवर जाऊन मी काय सांगू? तुम्ही थोर होतात? ते बाकीचे पाच सांगतील. तुम्ही मला घडवलंत म्हणावं तर शिरीषला जसं हवंय तसं होईल, लोकांना खरं वाटेल, डोळे पुसतील, वडा खातील. आणि खरं सांगावं म्हटलं तर पहिल्यांदा ते चारशे अनोळखी लोक ऐकणार, आणि सोनालीच्या कानावर कुणाच्या तरी तोंडून जाणार. तुमचं एक मात्र बरोबर होतं. ज्याने आधी ऐकायला हवं होतं त्यालाच सगळ्यात शेवटी, तेही ऐकीव, असं नको.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बेड्या घातलेला तो शेवट मला आजही खोटा वाटतो. रविवारी परत घालतील, परत टाळ्या पडतील. पण तुम्ही मला मशीन थांबवणारी ती बाई दाखवली नसतीत, तर मी मरेपर्यंत हवालदाराला सांगितलेलंच खरं धरून बसले असते. मला स्वतःलाही ते जवळजवळ पटलं होतं. त्यासाठी तुमचे उपकार मानावेत की तुमच्यावर रागवावं, हे अजून ठरत नाही. दोन्ही चालू आहे.

आज सकाळी शिरीषला फोन करून सांगितलं, मी येणार नाही. तो म्हणाला, "मावशी, असं काय करता? ताईंना वाईट वाटेल." मी म्हटलं, "नाही वाटणार." पहिल्यांदा तुमच्याबद्दल काही खात्रीने बोलले.

मग सोनालीला लावला.

"बोला मावशी. ब्लाऊज झाले?"

"ब्लाऊजचं नाही गं. रविवारी दुपारी घरी आहेस का? मी येते कल्याणला."

"या की. पण तुम्ही कशाला एवढ्या उन्हात, मीच येते."

"नाही, मीच येते."

"काय झालं मावशी? काय काम आहे?"

"तुझ्या आईचं आहे. त्या दिवशी मी घरात होते. मी ऐकलं होतं."

 मला वाटलं फोन कट झाला. हातातून खाली ठेवणार होते, तेवढ्यात तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"रविवारी नको, मावशी. आत्ता या."

चप्पल घालतेय, ताई.